लुनावरची जागा

वाळूजच्या बजाजनगरातून कंपन्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका बंद गोदामाच्या शेजारी सांडू साळवे मिस्त्रींचं दुकान आहे. दुकान म्हणजे दहा बाय बाराची पत्र्याची खोली, आत एक लोखंडी टेबल, खिळ्यांना लटकवलेली वायरींची वेटोळी, आणि बाहेर एक लुना. या लुनाला इंजिन नाही, चाकांत हवा नाही, दिवा तर नाहीच. सीट मात्र नवी कोरी. दर दोन वर्षांनी मिस्त्री तिला नवं रेक्झिन चढवून आणतात. जी गाडी जागची हलत नाही तिचे एवढे लाड कशाला, असं नव्या गिऱ्हाइकाला वाटतं. जुनं गिऱ्हाईक विचारत नाही, त्याला माहीत असतं.

मिस्त्री गाड्यांचे वायरमन. मूळचे सिल्लोडकडचे, वय बासष्ट, अंगानं काटक आणि बोलायला फटकळ. स्टार्टर, हॉर्न, बॅटरी सगळंच करतात, पण त्यांचं नाव झालं ते हेडलाइटच्या सेटिंगमुळे. वाळूजच्या पट्ट्यात कुणाच्या गाडीचा दिवा नीट पडत नसला की लोक म्हणतात, सांडू मिस्त्रीच्या भिंतीला लावून ये. भिंत गोदामाची आहे, मिस्त्रींची नव्हे. पण गोदामाच्या मालकाला ती कोणत्या रंगाची आहे हेही आता आठवत नसेल.

या भिंतीपासून पंचवीस फुटांवर मिस्त्रींनी जमिनीत दोन विटा पुरल्या आहेत. गाडी विटांपाशी उभी करायची, दिवे लावायचे, उजेडाची कड भिंतीवर कुठं पडते ते बघायचं आणि दिव्यामागचे स्क्रू फिरवायचे. एवढं कुठलाही वायरमन करतो. मिस्त्रींचं काम त्याच्या पुढं सुरू होतं. भिंतीला पाठ करून, गाडीवाल्याच्या उजव्या अंगाला, लुना उभी असते. मिस्त्री तिच्यावर जाऊन बसतात, दोन्ही हात हँडलवर ठेवतात आणि ओरडतात, “लावा डिपर!” समोरून दुचाकीवर येणाऱ्या माणसाला हा डिपर, म्हणजे खाली पाडलेला उजेड, कसा लागेल, ते असं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. टोचला तर उतरायचं, स्क्रू फिरवायचा, पुन्हा जाऊन बसायचं. गिऱ्हाईक घाई करायला लागलं की मिस्त्री म्हणतात, “तुमचा दिवा तुम्हाला काय कळणार? तुम्ही त्याच्या मागं बसता.”

संध्याकाळी कंपन्या सुटल्या की या रस्त्यावर दुचाक्यांचा पूर येतो, त्यामुळे मिस्त्रींचं म्हणणं लोकांना पटतं. त्या लुनावर मिस्त्रींशिवाय कुणी बसत नाही. चाकणला नोकरीला असलेला मुलगा आकाश लहानपणी एकदा चढला होता, तेव्हा त्याचा कान लाल झाला होता.

आता पुढचं सगळं समजायला एक गोष्ट आधी सांगायला हवी, जी मिस्त्रींनी बरेच महिने कुणाला सांगितली नव्हती. त्यांना नीट दिसेनासं झालं होतं. होळीच्या सुमाराला सुरुवात झाली. वायरींचे रंग एकमेकांत मिसळायला लागले; निळी आणि हिरवी तर सख्ख्या बहिणी झाल्या. पेटत्या बल्बभोवती एक मळकं कडं दिसायचं. हा मोतीबिंदू आहे हे कळायला काही डॉक्टर लागत नव्हता. मिस्त्रींचे थोरले भाऊ बद्रीनाथ यांना तोच झाला होता. गावाकडच्या शिबिरात त्यांचं ऑपरेशन छान झालं, आणि हा भला माणूस चौथ्या दिवशी तूर काढायला शेतात गेला. डोळ्यात धूळ गेली, पू झाला, डोळा गेला. तेव्हापासून मिस्त्रींनी ऑपरेशनचं नाव टाकलं होतं.

पण खरी भीती वेगळीच होती. वायरमनला दिसत नाही असं एकदा रस्त्यावर पसरलं की त्याच्याकडे कोण येणार? तीस वर्षांत कमावलेलं एकच नाव होतं, आणि ते डोळ्यांच्या कामाचं होतं. म्हणून ते गिऱ्हाइकालाच बेमालूमपणे विचारायचे, “ही कोणती हो? अंधारात कळंना.” भर दुपारी. दिव्याच्या सेटिंगची त्यांना काळजी वाटत नव्हती. वायरीचा रंग ओळखायला डोळा लागतो, दिव्याचा उजेड तर आपणहून तोंडावर येतो, असा त्यांचा हिशोब होता.

दिवाळी झाल्यावर राजेंद्र काळे आपली लाल गाडी घेऊन आले. काळे इथल्याच एका कंपनीत तीस वर्षं टूलरूमला, म्हणजे साचे-हत्यारं बनवायच्या खात्यात, होते. निवृत्त झाल्यावर लोक घरावर मजला चढवतात, यांनी पुण्याच्या एका शौकिनाकडून पंचवीस वर्षांपूर्वीची दोन दारांची स्पोर्ट्स कार आणली. बायको महिनाभर बोलली नाही. गाडी इतकी बुटकी की आत बसायचं म्हणजे पंगतीला मांडी घालण्यासारखंच. इंजिन मात्र अजून खणखणीत होतं आणि रंग असा की सिग्नलला पोरं फोटो काढायची. वाईट होते ते दिवे.

“मिस्त्री, दिवा लागलाय का नाय ते खाली उतरून बघावं लागतंय,” काळे म्हणाले. “हॅलोजन काढा आन एलईडी टाका. मी बल्ब घेऊनच आलोय.”

“आधी बल्बाला शिव्या देऊ नका,” मिस्त्री म्हणाले. “बिचारा उपाशी असंल.”

त्यांनी मीटर लावला. बॅटरीपाशी साडेबारा व्होल्ट होते, बल्बच्या होल्डरपाशी पावणेअकराच. पंचवीस वर्षं जुन्या बारीक वायरींतून आणि झिजलेल्या स्विचमधून फिरत फिरत वीज तिथं पोचेपर्यंत दमून जात होती. मिस्त्रींनी रिले म्हणजे दिव्यांसाठी वेगळा स्विच बसवला, बॅटरीपासून थेट जाड वायर ओढली, गंजलेली अर्थिंग घासून काढली. तेच हॅलोजन दुप्पट तेजानं पेटले. मिस्त्रींचं मत होतं की इथंच थांबावं. पण काळ्यांचं मन एलईडीवर बसलं होतं, आणि मन बसलेल्या माणसाशी मिस्त्री वाद घालत नसत.

काळ्यांनी आणलेली पहिली जोडी मात्र त्यांनी हातात घेऊन परत दिली. हॅलोजनच्या पोटात जिथं तार जळते, नेमकी तिथंच एलईडीची चिप यायला हवी. ती जरा पुढं-मागं झाली की दिव्यातला आरसा उजेड रस्ता सोडून झाडावर, आभाळात आणि लोकांच्या डोळ्यांत फेकतो. “हिची चिप बघा कुठं हाय आन तार कुठं हाय,” मिस्त्री म्हणाले. काळ्यांनी खिशातून व्हर्नियर काढलं आणि दोन्ही मोजलं. चार मिलीमीटरचा फरक निघाला. खिशात व्हर्नियर घेऊन फिरणारा माणूस मिस्त्रींना पहिल्यांदाच भेटला होता, आणि फरक मान्य करणारं गिऱ्हाईकही. दोघांचं तिथंच जमलं.

चार दिवसांनी दुसरी जोडी आली, ती बरोबर होती. चिपा डाव्या-उजव्या बाजूला येतील अशी मिस्त्रींनी बल्बची कॉलर फिरवून बसवली. बल्बच्या मागच्या पंख्यामुळे दिव्याची रबरी टोपी बसेना, तेव्हा तिला मधोमध भोक पाडलं, पंखा बाहेर काढला आणि पाणी जाऊ नये म्हणून कडेनं सिलिकॉन भरलं. एकदा विचारलं, “ही निळी का हो?” काळे म्हणाले, “हिरवी.” मिस्त्री म्हणाले, “तेच म्हणायलो.”

सूर्य मावळल्यावर गाडी विटांपाशी लागली आणि मिस्त्री लुनावर बसले.

“लावा डिपर!”

उजेड आला तो काट्यांचा गोळा होऊन आला. मिस्त्रींनी डोळे मिटून घेतले. उतरले, दिवे खाली घेतले, पुन्हा बसले. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा उतरले. शेवटी उजेड एवढा खाली गेला की डोळ्यांना सुसह्य झाला.

“मिस्त्री, लई खाली नाय का गेला?” आतून काळे म्हणाले.

“गाडीच बुटकी हाय तुमची.”

“भिंतीवर तर पार तळाला गेलाय.”

“लुनावर तुम्ही बसलाय का मी?”

यावर काळ्यांनी दिवे बंद केले. टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस दुसऱ्याच्या कारागिरीत बोट घालत नाही, हा त्यांचा चांगुलपणा. तो पुढं महागात पडणार होता.

तीन आठवड्यांनी, संध्याकाळी सातच्या सुमाराला काळे पैठणकडून एकटेच परत येत होते. ऊसतोडीचे दिवस. रस्त्याच्या कडेला नव्हे, चक्क रस्त्यावर एक उसाची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. तिला मागं दिवा नव्हता, चमकणारी पट्टी नव्हती, दगडसुद्धा ठेवलेला नव्हता. काळ्यांच्या नव्या पांढऱ्या उजेडात गाडीसमोरचा रस्ता लख्ख दिसत होता, खडी न् खडी मोजता येत होती, आणि त्याच्या पुढं काळोख. त्या काळोखातून ट्रॉली एकदम समोर आली. ब्रेक दाबला, चाकं घासली, आणि गाडीचं बुटकं नाक बाहेर आलेल्या उसाखाली शिरून थांबलं.

दुसऱ्या दिवशी ते मिस्त्रींकडे आले तेव्हा हातात स्टीलचा टेप होता. झालेलं सगळं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. “नाकाला जरा खरचटलं,” म्हणाले, “बाकी काय नाय.” मिस्त्रींनी नाकावरून हात फिरवला. रंग निघाला होता.

“ट्रॉलीवाल्यानं दिवा लावायला नको का?” मिस्त्री म्हणाले.

“पायजेच की. पण मला ती चाळीस फुटांवर दिसली. साठच्या स्पीडला चाळीस फुटांत कोणाची गाडी थांबती?” काळ्यांनी टेप उघडला. “दिवा जमिनीपासून चोवीस इंच. पंचवीस फुटांवरच्या भिंतीवर उजेडाची कड त्याच्या खाली दोन इंच उतरायला पायजे. काल घरी सोसायटीच्या भिंतीवर मोजलं. चौदा इंच उतरतीय.”

“माझं सेटिंग चुकायचं नाय.”

“मग मोजा तुम्हीच.”

मिस्त्रींनी मोजलं नाही. त्यांना टेपवरचे आकडे दिसत नव्हते. ते म्हणाले, “आसं करू. दोन इंचावर आणतो तुमच्या मनासारखं. मग लुनावर बसतो. डोळ्यात आलं तर टेप गुंडाळायचा आन चहा पाजायचा.”

दिवस मावळला तशी गाडी विटांपाशी लागली. काळ्यांनी खडूनं भिंतीवर रेघ मारली, मिस्त्रींनी स्क्रू फिरवून उजेडाची कड रेघेवर आणली. मग ते लुनावर जाऊन बसले. तोच काट्यांचा गोळा, आता आणखी मोठा. “बघा!” ते जवळजवळ आनंदानं ओरडले. “समोरचा माणूस खड्ड्यात जाईल अशानं!”

तेवढ्यात दीपमाला आली. दीपमाला ही मिस्त्रींची सून. कंपनीत वायरी बांधण्याच्या लाइनवर काम करते. आकाश चाकणला असतो, ती सासू-सासऱ्यांजवळ राहते. सुटल्यावर रोज दुकानापाशी स्कूटी थांबवून ती सासऱ्यांचा डबा घरी घेऊन जाते. स्कूटीवरून उतरतानाच तिनं विचारलं, “काय झालं, मामा?”

काळे म्हणाले, “मिस्त्री, हिला बसवा की एकदा. रोज याच रस्त्यानं येती-जाती ही.”

मिस्त्रींना ते आवडलं नाही. पण नाही म्हणायला कारण सापडेना. ते उतरले. दीपमाला लुनाजवळ गेली, सासऱ्यांच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पदर सावरून हलकेच बसली. काळ्यांनी डिपर लावला.

“लागतंय का डोळ्याला?”

“नाय.”

“नीट बघ.”

“मामा, कंपनीतून येताना मी याच्या चौपट उजेड तोंडावर घेते. हा तर लई गरीब दिवा हाय.”

मिस्त्रींना वाटलं, पोरगी काळ्यांना वाईट वाटू नये म्हणून बोलतेय. ते पंचवीस फूट चालत गेले, पेटत्या दिव्याला अगदी खेटून उभे राहिले आणि हात वर केला. दिवा डोळ्यांत जात असेल तर दिव्याशेजारचा माणूस दिसत नाही, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

“किती बोटं?”

“तीन.”

“आता?”

“एक. आन तुमच्या शर्टाचं वरचं बटण तुटलंय.”

मिस्त्रींनी शर्टाला हात लावला. बटण नव्हतं. मग ते परत आले, दीपमालाला उठवलं, स्वतः बसले आणि म्हणाले, “जा. तू उभी राहा तिथं.” दीपमाला दिव्याजवळ जाऊन उभी राहिली. तिथं आपली सून आहे हे त्यांना माहीत होतं म्हणून ठीक. त्यांना दिसत होता तो नुसता पिवळट, फाकलेला जाळ. ती हात वर करून विचारत होती, “मामा, किती?”

त्यांनी आकडा सांगितलाच नाही. लुनावरून उतरले आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

त्यांना लाज वाटली, पण लाजेच्या आधी भीती वाटली. होळीपासून ज्या गाडीचा दिवा डोळ्याला टोचला ती प्रत्येक गाडी त्यांनी खाली केली होती. आणि होळीपासून प्रत्येक गाडीचा दिवा टोचत होता. रोज दोन-तीन गाड्या, म्हणजे सगळ्या मिळून सहाशेच्या आसपास. रांजणगावच्या दूधवाल्याचा टेम्पो, जो पहाटे चारला निघतो. शाळेच्या मुलांची व्हॅन. रात्रपाळी करणाऱ्या एका नर्सबाईंची कार. या सगळ्यांना त्यांनी चाळीस फुटांचा रस्ता देऊन पाठवलं होतं. समोरच्याचे डोळे वाचवता वाचवता त्यांनी दिव्यामागं बसलेल्याला आंधळं केलं होतं, आणि वर दम दिला होता, लुनावर तुम्ही बसलाय का मी.

काळे शेजारी येऊन बसले. “मिस्त्री, मी कोणाला बोलणार नाय,” ते म्हणाले. “डोळा करून घ्या. गाड्या येतील तसे दिवे वर घ्या. कोणाला कळायचं नाय.”

रस्ता सोपा होता. मिस्त्री तो मनात घोळवत घरी गेले. बायको वच्छलाबाईंनी ताट वाढलं, यांनी भाकरी नुसती कुस्करली. शेवटी कसंबसं सांगितलं.

“डोळ्याचं मला कवाच माहीत हाय,” वच्छलाबाई म्हणाल्या. “पयले भाकरीत केस निघाला की घर डोक्यावर घ्यायचे. या साली तीनदा गिळला.”

“मग बोलली का नाय?”

“तुम्ही बोलू दिलं का?”

मिस्त्रींना त्या रात्री झोप लागली नाही. पहाटे चारला त्यांना दूधवाल्याचा टेम्पो आठवला आणि ते उठून बसले. आपली इभ्रत राहील, पण तोवर टेम्पो कुठंतरी घुसलेला असेल, हे त्यांना सोसवेना. दीपमाला सकाळी कामावर निघायच्या आत त्यांनी तिला दुकानात नेलं, एक पत्रा काढला, पांढरा रंग आणि ब्रश तिच्या हातात दिला. तिचं अक्षर वळणदार होतं.

ते सांगत गेले, ती लिहीत गेली. ‘होळीपासून आजपर्यंत या भिंतीला सेट केलेले सर्व हेडलाइट चुकले आहेत. दिवे फार खाली आहेत. लांबचं दिसणार नाही. गाडी घेऊन या, नीट करून देतो. मला मोतीबिंदू आहे, ते कळलं नाही.’

“ते शेवटचं पूस,” मिस्त्री म्हणाले.

दीपमालाला वाटलं, मोतीबिंदूचं पुसायचंय. “बरं केलं मामा, लोकायला कशाला—”

“तसं नव्हं. कळलं नाही नको लिहू. मला कळलं होतं. ‘मी सांगितलं नाही’ आसं लिही.”

पत्रा रस्त्याच्या बाजूला टांगला गेला. दुपारपर्यंत त्याचा फोटो अर्ध्या वाळूजच्या मोबाइलवर फिरला. कुणी खाली हसणारी तोंडं टाकली, कुणी ‘आंधळा मिस्त्री’ असं नाव ठेवलं. दोन जुनी गिऱ्हाइकं दुकानासमोरूनच पलीकडच्या वायरमनकडे गेली, आणि जाताना हॉर्न वाजवून गेली. मिस्त्रींना ते सगळं लागलं. त्यांनी दाखवलं नाही एवढंच. काळे मात्र खुशीत होते. “कंपनीत माल खराब गेला की गाड्या आशाच माघारी बोलवतात,” ते प्रत्येकाला सांगायचे. “पण कंपनी कधी म्हणत नाय, माझ्यामुळं झालं.”

पहिल्या संध्याकाळी चार गाड्या आल्या, दुसऱ्या दिवशी अकरा. आठवड्यात रांग रस्त्यापर्यंत गेली. मोजायला काळे, स्क्रू फिरवायला मिस्त्री आणि लुनावर दीपमाला. ड्यूटी करून दमून आलेली, पण सीटवर ताठ. “डावा जरा टोचतोय, मामा. आणखी. बास.” मिस्त्रींच्या बोटांना सगळ्या गाड्यांचे स्क्रू पाठ होते, डोळ्यांची गरजच पडत नव्हती. एका जीपवाल्यानं, बाईला काय कळतंय, असं म्हटलं. दीपमालानं त्याला लुनावर बसवलं आणि त्याच्याच जीपचा अप्पर त्याच्या तोंडावर मारला. मग तो डोळे चोळत उतरला.

दूधवाला पहिल्याच दिवशी आला होता, त्याला मिस्त्रींनी स्वतः फोन लावला होता. नर्सबाई चौथ्या दिवशी आल्या. शाळेची व्हॅन दहाव्या दिवशी सापडली. चालक बदलला होता, त्याला वाटत होतं गाडीचा दिवाच असा आहे. तो गेल्यावर मिस्त्री पहिल्यांदा पोटभर जेवले.

मग ते घाटीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन ऑपरेशन करून आले, आधी डावा डोळा, मग उजवा. दोन्ही वेळा घराबाहेर पाऊल टाकलं नाही. काळा चष्मा लावून दारात बसायचे. वच्छलाबाई येता-जाता त्यांना हिरो म्हणायच्या आणि दर दोन तासांनी थेंब टाकायच्या. धुळीचं नाव निघालं की मिस्त्री बद्रीनाथांचं नाव काढायचे.

मार्च उजाडला तेव्हा दुकान उघडलं. पहिला दिवस वायरींचे रंग बघण्यातच गेला. निळी निळी होती. संध्याकाळी काळे आपली लाल गाडी घेऊन आले, काम काही नव्हतं, मिस्त्रींना बघायला म्हणून. “बसा लुनावर,” म्हणाले, “बघू द्या डॉक्टरचं काम.”

मिस्त्री बसले. हात हँडलवर ठेवले.

“लावा डिपर!”

उजेड आला आणि गुडघ्यांखाली थांबला. पांढरा, स्वच्छ, कडेला सुरीनं कापल्यासारखा. मिस्त्रींना वाटलं होतं त्याहून फार साधं होतं ते. दिव्यांच्या वर त्यांना गाडी दिसली, काचेमागं काळे दिसले, त्यांचा चष्मा, मिशी. आणि मग दुसरं दिसलं. उजव्या दिव्यापासून एक चर बॉनेटवरून तिरका वर गेला होता. तो काचेच्या उजव्या खांबापर्यंत गेला होता, आणि खांबात सुपारीएवढा खड्डा पडला होता. त्याच्या बरोबर मागं, चार बोटांवर, काळ्यांचं कपाळ होतं.

मिस्त्री उतरले, चालत गेले आणि त्या खड्ड्यात बोट घातलं. बोटाचं पेर आत बसलं.

“हे कवाचं?”

काळ्यांनी दिवा बंद केला. “तवाचंच, ट्रॉलीचं लोखंड लागलं. म्हणालो नव्हतो का, खरचटलं.”

“नाकाला म्हणाला होता तुम्ही.”

“नाकापासून सुरू झालं.”

“मला बोलला का नाय?”

“बोललो असतो तर तुम्ही पाटी लावली नसती, मिस्त्री. दुकानाला कुलूप लावलं असतं. मग त्या सहाशे गाड्या कोण वर घेणार होतं?”

मिस्त्रींचे डोळे भरून आले आणि डॉक्टरांनी चोळू नका सांगितलं होतं, म्हणून ते तसेच उभे राहिले. दीपमाला डबा न्यायला आली होती. सासऱ्यांचं बोट कुठं आहे ते बघून तिनं मान खाली घातली. तिनं तो खड्डा पहिल्याच संध्याकाळी पाहिला होता.

त्या वेळी दुकानासमोर एक रिक्षा येऊन थांबली. रिक्षावाल्यानं मान बाहेर काढली. “मिस्त्री, नवा दिवा बसवलाय, सेटिंग करून द्या. सुरू झालं ना दुकान?”

“झालं. लावा विटांपाशी,” मिस्त्री म्हणाले आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आले. काळ्यांनी गाडी बाजूला घेतली. दीपमाला डब्याची पिशवी उचलायला लागली.

“ठेव ती,” मिस्त्री म्हणाले. “बस लुनावर.”

“आता तुम्हीच बसा की, मामा. तुम्हाला दिसायलंय आता.”

“दिसायलंय म्हणूनच म्हणतो. आधी तू, मग मी. दोघायला पटल्याशिवाय इथून एक गाडी हलायची नाय.”

दीपमाला लुनावर बसली. मिस्त्री रिक्षाच्या दिव्याशेजारी उभे राहिले, चालकाला दिवा लावायला सांगितलं आणि हात वर केला.

“किती?”

“दोन,” दीपमाला म्हणाली.

मिस्त्रींनी स्वतःच्या बोटांकडे एकदा बघून घेतलं आणि मग ते स्क्रूकडे वाकले.